रेट्रो गृहसजावट
रेट्रो गृहसजावट : नजीकच्या भूतकाळातील, बहुधा विसाव्या शतकातील, एखाद्या दशकाची छाप मुद्दाम राखणारी आधुनिक घराची अंतर्गत मांडणी. त्या काळातील अस्सल वस्तू, त्यांच्या प्रतिकृती आणि त्याच धाटणीच्या नव्या वस्तू अशा तिन्हींचा तीत वापर होतो.

या प्रथेच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातील गॉथिक पुनरुज्जीवनात, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय वास्तुशैली पुन्हा आणण्याच्या चळवळीत शोधतात. मात्र त्या चळवळीला धार्मिक व नैतिक अधिष्ठान होते आणि तिचा आदर्श कित्येक शतके जुना होता. हयात माणसांच्या आठवणीतला काळ काहीशा खेळकरपणे उचलणे, हा रेट्रोचा विशेष तीत आढळत नाही. त्यामुळे १९६० चे दशक हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९६३ मध्ये आल्फोन्स मुखा व १९६६ मध्ये ऑब्री बिअर्डस्ली या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाजलेल्या चित्रकारांच्या कलाकृतींची प्रदर्शने भरली. पॅरिसमध्येही १९६६ सालीच १९२५ च्या सुमाराच्या सजावटी कलांचे प्रदर्शन झाले आणि ‘आर्ट डेको’ ही संज्ञा त्यानंतर रुळली. शतकाच्या मध्यावरील फर्निचरला संग्राहकांची मागणी येऊ लागली ती साधारणपणे १९८० च्या दशकात.

रेट्रो दालन एकाच दशकाचे असते. जुने सामान्य घर तसे क्वचितच असे. १९५५ च्या सुमाराच्या घरात आधीच्या पिढीचा पलंग, दुरुस्त केलेल्या खुर्च्या आणि हप्त्याने घेतलेला नवा रेडिओ शेजारी शेजारी नांदत. ब्रिटनमध्ये १९४२ पासून काही वर्षे नवे फर्निचर सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या नमुन्यांतच बनत असे, आणि तेही मुख्यतः नवविवाहितांना व बॉम्बहल्ल्यात घर गमावलेल्यांना कुपनांवर मिळे. याउलट चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याची १९५६ ची आरामखुर्ची पहिल्यापासूनच महाग होती; आज मात्र तीच त्या काळाची प्रतिनिधी ठरली आहे. मासिके, विक्रीसूच्या व प्रदर्शनांतील नमुनादाखल खोल्या यांचीच चित्रे अधिक टिकली, हे याचे प्रमुख कारण दिसते. कामगारवस्तीतील घरांची छायाचित्रे त्या मानाने थोडी आहेत.

प्रकाशयोजनेतील तफावत विशेष बोलकी आहे. उघडी तार दिसणारा पिवळसर बल्ब १९४० च्या धर्तीच्या खोलीतही सर्रास टांगतात. वास्तविक तो घाट कार्बन तंतूच्या, म्हणजे १८८० ते १९१० च्या सुमाराच्या दिव्यांचा. पुढे टंगस्टनच्या तंतूचा प्रखर प्रकाश डोळ्यांना खुपू लागला. १९२५ मध्ये आतून धूसर केलेल्या काचेचा बल्ब आला आणि त्यावरही लोक छत्री लावीत. पूर्वी जे झाकण्याची धडपड होती, तेच आता मिरवले जाते. शिवाय आजच्या अशा दिव्यांत बहुधा एलईडी असतो.

रंगांबाबतही सावधगिरी हवी. जुन्या वस्तूंचे आजचे फिके रंग पुष्कळदा ऊन लागून विटल्याचे किंवा वॉर्निश पिवळे पडल्याचे परिणाम असतात.

साहित्याची हुबेहूब नक्कल मात्र बऱ्याचदा टाळावीच लागते. शिसेयुक्त रंग व अ‍ॅस्बेस्टॉसच्या फरश्या अनेक देशांत बंद झाल्या आहेत. ईम्स खुर्चीच्या मूळ आवृत्तीत ब्राझीली रोझवुडचा पातळ थर वापरीत. त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत.