जहाजाच्या टेबलावरून घराच्या भिंतीवर

सोफ्यामागे फ्रेम करून लावलेला सागरी नकाशा आता नवलाचा राहिलेला नाही. जमीन जवळजवळ कोरी आणि पाण्यात मात्र आकड्यांची दाटी, असा हा उलटा नकाशा. सजावटीची नवी टूम म्हणून तो खपतो, पण त्याची गोष्ट काही शतकांची आहे आणि तिच्यात एक गोम आहे. जो नकाशा खरोखर समुद्रावर गेला, तो सहसा भिंतीपर्यंत पोचलाच नाही.

टिकून राहिलेला सर्वांत जुना सागरी नकाशा म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरचा ‘कार्टा पिसाना’. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. भूमध्य समुद्राचे हे चर्मपत्र. बंदरांची नावे किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या बाजूला लिहिलेली, म्हणजे पाणी मोकळे राहते. असे असंख्य नकाशे जहाजांवर वापरले गेले आणि ओल, मीठ, हाताळणी यांत संपले. उलट १३७५ चा कॅटलान अ‍ॅटलास फ्रान्सच्या राजाच्या ग्रंथसंग्रहात गेला. सोन्याचांदीचा वर्ख लावून लाकडी फळ्यांवर चिकटवलेली ही चर्मपत्रे वाऱ्यापाण्याला कधी लागली नाहीत. म्हणून तर आज ती पाहायला मिळतात.

१५०२ चा कॅन्टिनो नकाशा याहून मासलेवाईक. नव्या सागरी मार्गांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून पोर्तुगाल डोळ्यांत तेल घालून जपत असताना, इटलीतल्या फेराराच्या ड्यूकचा हस्तक अल्बेर्तो कॅन्टिनो याने लिस्बनमध्ये गुपचूप हा नकाशा काढवून घेतला. किंमत सोन्याची १२ डुकाट नाणी. दोन मीटरहून लांब असलेल्या या नकाशात भारताचे द्वीपकल्प प्रथमच ओळखू येईल इतके त्रिकोणी दिसते. पुढे १८५९ च्या धामधुमीत मोदेना येथील राजवाड्यातून तो नाहीसा झाला आणि सापडला तो गावातल्या खाटकाच्या दुकानात, आडोसा म्हणून लावलेला! आज तो मोदेनाच्याच एस्तेन्से ग्रंथालयात आहे. सजावटीच्या इतिहासात खाटकालाही मानाचे पान द्यायला हरकत नसावी.

नकाशांनी दालनेच्या दालने सजवण्याची हौस इटलीतल्या सत्ताधीशांची. फ्लोरेन्सच्या पलाझ्झो वेक्कियोत कपाटांच्या दारांवर आणि १५८० ते १५८३ या काळात व्हॅटिकनच्या १२० मीटर लांब सज्जात भिंतींवर नकाशे रंगवले गेले. दोन्हीकडे सूत्रधार एकच, गणितज्ञ आणि नकाशाकार इग्नात्सिओ दान्ती. हे नकाशे वाट शोधण्यासाठी नव्हतेच. ‘हे सारे आम्हाला ठाऊक आहे’ हे पाहुण्यांना सांगण्यासाठी होते.

घरांमध्ये ही हौस उतरली ती सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले अनेक कागद जोडायचे, मागून कापड चिकटवायचे, वर-खाली लाकडी दांड्या लावायच्या, व्हार्निशचा हात फिरवायचा आणि टांगायचे. सुखवस्तू व्यापाऱ्याच्या घरात असा नकाशा दिसला नाही तरच नवल. डच चित्रकार व्हर्मियरच्या चित्रांत तो वारंवार येतो. सैनिकासमोर हसत बसलेल्या तरुणीच्या चित्रात मागे हॉलंड प्रांताचा, बेर्केनरोडे याने काढलेला नकाशा आहे. त्यात वरच्या बाजूला उत्तर नसून पश्चिम आहे, त्यामुळे आज पाहणारा क्षणभर गोंधळतो. गंमत अशी की व्हार्निश पिवळे पडून तडकले, धुराने नि ओलीने कागद खाल्ला आणि असे भिंतीवरचे नकाशे फार थोडे उरले. त्याच काळात पुस्तकात बांधलेले नकाशे बंद पानांमध्ये सुखरूप राहिले. म्हणजे भिंतही नकाशाला मानवली नाही.

अठराव्या शतकात सरकारे या कामात उतरली. फ्रान्सने १७२० मध्ये आरमाराचे नकाशाकेंद्र काढले, ब्रिटनने १७९५ मध्ये अलेक्झांडर डॅलरिंपल याच्या हाताखाली. राक्षसी मासे, शिडांची गलबते, वेलबुट्टी हळूहळू गळून गेली. माझ्या मते खरे सौंदर्य इथून सुरू होते. शिशाचा ओळंबा दोरीने तळाशी सोडायचा, त्याच्या बुडाच्या खोबणीत चरबी भरलेली असायची. तिला चिकटून वाळू, चिखल की शिंपले वर येतात ते पाहायचे आणि खोली वावांत, म्हणजे सहा फुटांच्या मापात, टिपायची. चार्टवरच्या, म्हणजे अशा सागरी नकाशावरच्या, आकड्यांशेजारची बारीक अक्षरे तळाचा हाच पोत सांगतात. हे सगळे तांब्यावर उलटे कोरायचे. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षणात १८५४-५५ मध्ये काही महिने नोकरी केलेल्या चित्रकार व्हिस्लरला मात्र इतकी शिस्त झेपली नाही. कॅलिफोर्नियाजवळच्या अनाकापा बेटाच्या कोरीव दृश्यात त्याने स्वतःच्या मनाने समुद्रपक्ष्यांचे थवे घुसडले.

हे चार्ट भिंतीवर आले ते दुरुस्त्यांमुळे. वाळूचे दांडे सरकतात, दीपगृहांचे दिवे बदलतात. ब्रिटिश आरमार १८३४ पासून खलाशांसाठी सूचना छापू लागले. नवी आवृत्ती आली की जुना चार्ट नुसता निरुपयोगी नव्हे, धोक्याचा ठरतो. तो जहाजावरून उतरवायचा. एवढा जाड, देखणा कागद टाकवणार कोणाला? विसाव्या शतकात विक्रेत्यांनी याहून वाईट वाट धरली: जुने अ‍ॅटलास फोडून एकेक पान विकायचे. वर रंगही भरायचा. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक चार्ट काळ्या शाईतच छापले जात, दीपगृहापाशी फार तर हाताने दिलेला पिवळा-लाल ठिपका असे. तेव्हा त्या काळचा चार्ट निळ्या-हिरव्या छटांनी भरलेला दिसला तर तो रंग बहुधा नंतरचा.

आता तर कागदच जहाजावरून उतरतो आहे. २०१२ ते २०१८ या काळात मोठ्या जहाजांना टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉनिक चार्ट सक्तीचे झाले. अमेरिकेने २०१४ मध्ये सरकारी छपाई थांबवली आणि पुढे पारंपरिक कागदी चार्ट रद्दच केले. ब्रिटनने कागदी चार्ट बंद करण्यासाठी २०२६ ची मुदत घातली होती, ती निदान २०३० पर्यंत लांबवली. अमेरिकेचे जुने चार्ट मात्र संगणकावर फुकट मिळतात, कोणीही हव्या त्या आकारात छापून घ्यावेत.

तरीही खरोखर समुद्र पाहिलेला चार्ट हवा असेल, तर ब्रिटिश आरमारी चार्टाच्या खालच्या डाव्या समासात पाहावे. तिथे केलेल्या दुरुस्त्यांची वर्षे आणि क्रमांक हाताने लिहिलेले असतात. फ्रेमवाला नेमकी तीच पट्टी माउंटखाली (फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) दडवतो किंवा कापून टाकतो, म्हणून ऑर्डर देतानाच समास ठेवायला सांगावे.