पार्श्वभूमी : खान्देशातले विद्यापीठ, वसतिगृह आणि बंद झालेली मेस

खान्देशातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि गावात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले. पदवीच्या मुलामुलींनी वस्तीत जायचे, लोकांशी बोलायचे, अहवाल लिहायचा. त्याच सुमारास परिपत्रकांत विविधता, समावेशन, आपलेपणा हे शब्दही वाढले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मात्र आपलेपणाचा प्रश्न धोरणापेक्षा खूप जुना आहे. इथे एकाच बाकावर अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, मावची, भिलोरी, गुजरी आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले बसतात. ती एकमेकांची होतात की तीन वर्षे नुसती शेजारी बसून निघून जातात, हे आजवर बहुतांशी वर्गाबाहेरच ठरत आले: वसतिगृहात, एसटीत, सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये आणि जेवणाच्या ताटावर.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. १९२४ ते १९३० या वर्षांत साने गुरुजी अमळनेरच्या हायस्कुलात शिकवत होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुलांच्या खोल्या झाडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, छात्रालयासाठी हस्तलिखित दैनिक काढणे, या गोष्टी खान्देशात अजून सांगितल्या जातात. घर सोडून आलेल्या मुलाला धड्याआधी माणूस लागतो, ही समज इथे तेव्हापासून आहे. पण शिकण्यासाठी मुलाला गावाबाहेर ठेवणे परवडेल अशी घरे तेव्हा मोजकी होती. सातपुड्याच्या बहुतेक पाड्यांपर्यंत शाळा पोचायला पुढे कित्येक दशके गेली.

१९४५मध्ये जळगाव आणि अमळनेर या दोन्ही ठिकाणी महाविद्यालये उभी राहिली. १९४९मध्ये पुण्याचे विद्यापीठ झाल्यावर ती तिकडे जोडली गेली, आणि पुढची चाळीस वर्षे खान्देशातल्या पदवीवर पुण्याचा शिक्का राहिला. फेरतपासणी असो, स्थलांतर प्रमाणपत्र असो, नाहीतर एम.ए.नंतरचे संशोधन असो, जळगावहून पुणे चारशे किलोमीटर. ज्याचे पुण्यात कोणी होते तो जाऊन येई, बाकीचे टपालाची वाट बघत. याच काळात उलट्या दिशेचाही एक प्रवास झाला. १९७२च्या दुष्काळाच्या आसपास पुण्या-मुंबईतली शिकलेली काही तरुण मंडळी शहाद्याला आली, सालदारांच्या (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांच्या) आणि बळकावल्या गेलेल्या जमिनींच्या लढ्यात इथल्या भिल्ल कार्यकर्त्यांबरोबर उभी राहिली, आणि त्यातली काही इथेच राहिली. विद्यार्थ्याने समाजात जाणे म्हणजे काय, याचा खान्देशातला सर्वांत ठसठशीत नमुना हाच. त्याला ना श्रेयांक होता, ना उपस्थितीपत्रक. त्या मंडळींना वस्तीवर राहावे लागले, तिथली बोली शिकावी लागली, आणि नेतृत्व स्थानिकांकडेच राहिले. आजच्या उपक्रमांची तुलना मी याच काळाशी करतो, हे वाचकाने लक्षात घ्यावे.

१५ ऑगस्ट १९८९ रोजी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले. बांभोरीजवळ, गिरणेच्या काठी. तेव्हा त्याच्या कक्षेत जळगाव आणि धुळे असे दोन जिल्हे होते. १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला आणि तीन झाले. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबारची जवळपास ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. विद्यापीठ जवळ आले, पण ते कोणाच्या जवळ आले हे नकाशावर बघावे. भुसावळ, चोपडा, एरंडोलच्या मुलाला ते रोज जाऊन-येऊन करण्यासारखे झाले. धडगाव किंवा मोलगीच्या मुलाला घाट उतरून, शहादा किंवा नंदुरबारला गाडी बदलून जळगाव गाठायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. त्यामुळे त्याच्यासाठी विद्यापीठात प्रवेश मिळणे आणि वसतिगृहात प्रवेश मिळणे ही एकच गोष्ट असते. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही तर विद्यापीठातल्या प्रवेशाचा उपयोग नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेबद्दल वेगळे सांगायला नको, तिच्यातून गेला नाही असा पदवीधर इथे क्वचितच सापडतो. १९६९पासूनची ही योजना, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे हिवाळी शिबिर. खान्देशातल्या शिबिरांनी वनराई बंधारे घातले, शोषखड्डे खणले, गावे झाडली. ती कामे खरी होती. शिबिरात एकत्र भाकरी थापणाऱ्या मुलांची मैत्री वर्षानुवर्षे टिकल्याचेही आपण पाहतो. एक खोट मात्र राहिली: दत्तक गाव बहुतेक वेळा महाविद्यालयाच्या आसपासचे, आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाणारा विद्यार्थी हिवाळी शिबिराच्या यादीत नसायचा.

आता मूळ मुद्द्याकडे. माझ्या मते गेल्या दोन-तीन दशकांत खान्देशी विद्यार्थ्यांच्या आपलेपणावर सर्वांत खोल परिणाम कोणत्या निर्णयाने केला असेल, तर तो आदिवासी वसतिगृहांतली मेस बंद करण्याच्या निर्णयाने. आपलेपणाच्या चर्चेत त्याचे नावही निघत नाही, म्हणून इथे त्याला जास्त जागा दिली आहे.

एप्रिल २०१८मध्ये असे ठरले, की मोठ्या शहरांतल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय आदिवासी वसतिगृहांत जेवण द्यायचे नाही, त्याऐवजी महिन्याला ३ ते ३.५ हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात टाकायचे. विद्यार्थी त्याला एका शब्दात डीबीटी (डायरेक्ट बेनिफिट ट्रान्सफर) म्हणतात. निर्णयामागे कारणे होती आणि ती पोकळ नव्हती. मेसचे ठेके ठरावीक हातांत जात. डाळीत पाणी, पोळ्या कच्च्या, ठरलेले फळ आणि अंडे गायब, अशा तक्रारी गृहपालापासून प्रकल्प कार्यालयापर्यंत सतत जात होत्या, त्यावर मुले उपोषणालाही बसत. ठेकेदार बाजूला काढला की पैसा पूर्ण पोचेल आणि सज्ञान मुलगा हवे ते, हवे तिथे खाईल, हा युक्तिवाद ऐकायला सरळ होता.

विरोध झाला तो याच मुलांकडून, ज्यांनी आदल्या वर्षापर्यंत मेसविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते: मेस सुधारा, बंद करू नका. पैसे वेळेवर येत नाहीत, तोवर खानावळवाला उधार देत नाही. घरी अडचण असली की खात्यातले पैसे घरी जातात आणि मुलगा एक वेळ जेवतो. मुलींना रात्री जेवायला बाहेर पडावे लागते. खोलीत स्वयंपाक करायला परवानगी नाही, आणि केला तर अभ्यासाचे दोन तास जातात. जुलै २०१८मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. त्यांना वाटेत, नांदूर शिंगोटे इथे पोलिसांनी अडवले. वर्तमानपत्रांत हा विषय जेवणाच्या दर्जाचा आणि अनुदानाच्या रकमेचा म्हणून छापून आला, आणि तसाच लोकांच्या लक्षात राहिला.

मेसबरोबर आणखी जे गेले त्याची नोंद फारशी झाली नाही. बाहेरून बघणाऱ्याला आदिवासी वसतिगृह म्हणजे एकाच समाजाची मुले वाटतात. आत धडगावचा पावरा असतो, नवापूरचा मावची किंवा कोकणी, अक्कलकुव्याचा वसावे, यावल-रावेरचा तडवी भिल्ल. यांच्या बोली वेगळ्या, देव वेगळे, तडवी तर मुसलमान. कित्येकांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या एकमेकांकडे जेवणाखाण्याचा संबंध आलेला नव्हता. तो आला तो मेसच्या लांब टेबलावर. नवीन मुलगा पहिल्या महिन्यात कोणाशी बोलत नाही, हे जेवणाच्या वेळी सगळ्यांना दिसत असे. कोण ताटावर आला नाही, कोणाला ताप आहे, कोण न सांगता गावी निघून गेला, हे गृहपालाच्या रजिस्टरआधी मेसमध्ये कळत असे. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांचा कोणता दाखला लागतो, कोणते सर पावरी मुलाच्या मराठीला हसत नाहीत, हे सगळे ज्ञान तिथेच वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे उतरत होते. मेस बंद झाल्यावर चार जणांनी एक डबा लावला, सहा जण कुठल्या खानावळीत जाऊ लागले, काहींनी चोरून शेगडी ठेवली. गट पडले आणि बहुतेक बोलीनुसारच पडले, कारण अडचणीत माणूस आधी आपल्या गावचा शोधतो.

हा निर्णय एकटा नव्हता. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६मध्ये स्वयंम् योजना आली होती: मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, त्याखालच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. तशीच अनुसूचित जातींसाठी स्वाधार योजना, आणि पुढे इतर मागासवर्गीयांसाठी आधार योजना. ज्याला छप्परच मिळाले नव्हते त्याला या पैशाने नक्कीच शिकता आले, ते नाकारणे अन्यायाचे होईल. पण भाड्याची खोली शोधताना घरमालक आधी आडनाव विचारतो, मग मटण-मासळी खाता का ते विचारतो. वसतिगृहात हा प्रश्न नव्हता. इमारत बांधायची की रक्कम द्यायची, यात दरवेळी रकमेकडे कल गेला, आणि एकत्र राहण्याची व्यवस्था हळूहळू प्रत्येकाच्या खात्यातला आकडा झाली.

२०१८ सालीच विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. अक्षरओळख नसलेल्या, लेवा बोलीत गाणाऱ्या शेतकरी बाईचे नाव विद्यापीठाला असावे, याचा खान्देशाला झालेला आनंद मनापासूनचा होता. त्या नावाने बोलीभाषिक मुलाला एक आधार दिला, यात मला शंका नाही. अहिराणीतले कार्यक्रम, बोलींवरचे प्रबंध, लोककलांचे मंच वाढले. पावरी आणि मावचीच्या वाट्याला त्यातले कमी आले. सातपुड्यातल्या होळीला, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला, त्या भागातला प्रत्येक मुलगा घरी जातोच. युवक महोत्सवात होळीच्या नाचाला बक्षीस मिळते, पण होळीसाठी गेलेल्या मुलाची अंतर्गत चाचणी चुकली तर ती बुडालेलीच धरली जाते.

मे २०१९मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजाच्या एका तरुण डॉक्टर मुलीने मुंबईत वसतिगृहाच्या खोलीत जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला, तिची आई सर्वोच्च न्यायालयात गेली. खान्देशातल्या किती घरांनी त्या दिवसांत मुलीला बाहेर शिकायला पाठवण्याचा पुन्हा विचार केला असेल, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. समान संधी केंद्र आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचे नियम २०१२पासून होते. घटनेनंतर फलक लागले, समित्यांची नावे संकेतस्थळांवर चढली. पावरा विद्यार्थ्याने तक्रार पावरीत सांगितली तर ती लिहून घेणारे कोणी आहे का, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नव्हते.

आताच्या समुदाय सहभागाच्या श्रेयांकाला ही सगळी पार्श्वभूमी आहे. फील्डवरच्या कामात एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरतात. जळगावची मुले चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर प्रश्नावली घेऊन जातात: शौचालय आहे का, पाणी कुठून आणता, मुले शाळेत जातात का. वर्गात त्या पाड्यांवरचा एखादा विद्यार्थी असतोच. तो दुभाष्या होतो, वाट दाखवतो, आणि त्याच्याच मावशीला विचारलेले प्रश्न तिला समजावून सांगतो. अहवालात त्याचे नाव गटातल्या पाच जणांत येते, पाडा 'निवडलेला समुदाय' म्हणून येतो. दुभाष्याच्या कामाचे वेगळे तास धरावेत, प्रश्नावली आधी त्याच्याकडून तपासून घ्यावी आणि अहवालाची प्रत पाड्यावर वाचून दाखवावी, या तीन गोष्टी सध्याच्या नियमांत बसवता येतात. काही प्राध्यापक आपल्या जबाबदारीवर तसे करतातही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वसतिगृहांत मेस पुन्हा सुरू करण्याची मागणी विद्यार्थी निवेदनांत अजून लिहितात.