सभागृहासाठी वीजपुरवठा ठरवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवीन हॉल बांधणारे किंवा जुन्याचे नूतनीकरण करणारे ग्राहक पहिल्याच फोनवर विचारतात, "एकूण किती किलोवॅट लागतील?" प्रश्न रास्त आहे. पण भर कार्यक्रमात अंधार होतो तो बहुतेक वेळा एकूण वीज कमी पडल्यामुळे नव्हे. वीज इमारतीत असते, फक्त सगळा भार एकाच सर्किटवर आणि एकाच वेळी येऊन पडतो. म्हणून आम्ही उलट दोन प्रश्न विचारतो : वीज कुठे लागणार आणि कधी लागणार?

एका परिषदेत मध्यंतर होऊन सत्र पुन्हा सुरू झाले आणि प्रोजेक्टर, मंचावरचे माइक एकदम गप्प झाले. आम्ही पोहोचलो, पडलेली एमसीबी (जास्त करंट आला की सर्किट आपोआप तोडणारी कळ) उचलली आणि मुख्य पॅनेलला क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारे यंत्र) लावला. पुरवठ्याच्या आर, वाय, बी या तीन फेजांपैकी आर फेजवर ९० अँपिअर, वायवर ३८, बीवर ३०. पुरवठा १०० केव्हीएचा (केव्हीए हे पुरवठ्याच्या क्षमतेचे माप), म्हणजे प्रत्येक फेजला सुमारे १४५ अँपिअरची मुभा. तिन्ही फेज मिळून निम्मीसुद्धा वीज वापरात नव्हती! कारण सापडले मंचामागच्या पॅसेजमध्ये. तिथल्या सॉकेटांवर पाणी गरम करायचे ३ किलोवॅटचे दोन बॉयलर लावले होते, प्रत्येकी १३ अँपिअर खाणारे. त्याच सर्किटवर प्रोजेक्टर आणि अॅम्प्लिफायर. २० अँपिअरच्या एमसीबीवर जवळपास ३० अँपिअर.

"पण सकाळी सगळे लावून पाहिले होते," असे व्यवस्थापक म्हणाले, आणि ते खरेच होते. जास्त लोड आला की एमसीबी तत्काळ पडत नाही. आतली पट्टी तापून वाकायला वेळ लागतो. क्षमतेच्या दीडपट करंटला काही मिनिटेही लागतील, कधी अर्धा तासही. पाच मिनिटांच्या चाचणीत सर्किट उत्तीर्ण होते आणि पाहुणे बसल्यावर नापास. शिवाय तालीम रिकाम्या हॉलमध्ये होते, तेव्हा एसी पूर्ण जोरात चालत नसतो आणि किचनही थंड असते.

लोडचा हिशेब

घराच्या किंवा ऑफिसच्या वायरिंगमध्ये सगळे काही एकदम चालू नसते, असे धरून लोड कमी करतात. हॉलमध्ये ही सवलत बेताने घ्यावी. दारे उघडली की त्याच पंधरा मिनिटांत एसी, दिवे, मंच, किचन सगळे मिळून वीज ओढतात.

सर्वांत मोठा वाटा बहुधा एसीचा. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ५०० माणसे म्हणजे ५० किलोवॅट, अर्थात नुसत्या माणसांसाठी सुमारे १४ टनांचा एसी. बाहेरून घ्यावी लागणारी ताजी हवा, छप्पर, दिवे धरले की आकडा कितीतरी वर जातो. प्रत्येक टनाला ढोबळमानाने एक किलोवॅट किंवा थोडी जास्त वीज धरा.

मंचाच्या दिव्यांचा भार आता हलका झाला आहे. जुना १००० वॅटचा पार कॅन दिवा जाऊन त्या जागी दीडदोनशे वॅटचा एलईडी आला. एलईडी वॉलबाबत (मंचावरचा मोठा एलईडी पडदा) पुरवठादाराकडून दोन आकडे घ्या : पूर्ण पांढऱ्या पडद्याचा कमाल आणि नेहमीच्या चित्राचा सरासरी. दोहोंत दुपटीतिपटीचा फरक असतो. केबल कमाल आकड्याप्रमाणे घ्यावी. साउंडचे मात्र उलटे आहे. अॅम्प्लिफायरवर छापलेले वॅट पाहून घाबरू नका, भाषण-संगीतात तो सरासरी त्याच्या आठव्या हिश्शाच्या आसपासच ताकद देतो.

खरा घात किचन करते. बॉयलर, हॉट केस, ओव्हन, इंडक्शन मिळून ३०-४० किलोवॅट सहज होतात, आणि आराखड्यात त्यांच्यापुढे बहुतेकदा "दोन सॉकेट" एवढेच लिहिलेले असते. किचन व्यवस्था बाहेरून येणार असेल तरी तिला स्वतंत्र डीबी (सर्किटांना वीज वाटणारी पेटी) द्या आणि ती मंचाच्या डीबीपासून लांब ठेवा. या एका गोष्टीवर आम्ही ग्राहकाशी भांडतोसुद्धा.

फेज आणि न्यूट्रल

वर सांगितलेल्या ९०, ३८, ३० मध्ये आणखी एक धोका होता. तिन्ही फेज समतोल असतील तर न्यूट्रलमध्ये (करंट परत नेणारी सामायिक तार) करंट थोडाच वाहतो. फेज वाकडे झाले की तो वाढतो. त्यात एलईडी आणि कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमुळे तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या तिप्पट वारंवारितेचा करंट) तयार होतो. तो तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये रद्द न होता एकमेकांत मिळतो. म्हणून अशा लोडला निम्म्या जाडीचा न्यूट्रल आम्ही कधीच टाकत नाही, तो फेजइतका हवा, काही ठिकाणी त्याहून जाड.

आणि तो न्यूट्रल सुटला तर? लगचा (वायरच्या टोकाची जोडणी) एक बोल्ट सैल असला तरी पुरे. मग ज्या फेजवर लोड कमी, तिथला व्होल्टेज २३० वरून ३०० च्या पुढे चढतो. हलक्या फेजवर बहुधा कन्सोल (आवाज-दिवे नियंत्रित करणारा फलक) आणि कॉम्प्युटर असतात, म्हणजे सगळ्यांत महाग सामान आधी जळते. दर मोठ्या हंगामाआधी बोल्ट आवळून घेणे आणि लोड चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने पॅनेल पाहणे, यात एक सकाळ जाते.

एक तक्रार नेहमी येते : "आरसीसीबी सारखी पडते, काढून टाका." काढणार नाही. आरसीसीबी म्हणजे अर्थमध्ये करंट गळला की सर्किट तोडणारे यंत्र. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकते. प्रत्येक एलईडी दिवा आणि लॅपटॉप चार्जर अर्थमध्ये किंचित करंट सोडत असतो, तो दोष नव्हे. पण असे तीस दिवे एका आरसीसीबीवर टाकले तर बेरीज तिथवर पोहोचते. दिवे स्वतःची आरसीसीबी असलेल्या चार-पाच सर्किटांत वाटून टाकले की कुरकुर थांबते. माणसाचा जीव वाचवणारे यंत्र बायपास करणे हा उपाय नव्हे.

सॉकेट आणि केबल

मंचाच्या दोन्ही बाजूंना पाच पिनांचे लाल इंडस्ट्रियल सॉकेट ठेवा : एक ६३ अँपिअरचे, एक ३२ चे. मोठे शो घेणार असाल तर १२५ चे. नाहीतर दिवेवाला थेट पॅनेल उघडून वायर कोंबतो, हे आम्ही पाहिले आहे. साउंडला शक्यतो दिव्यांपासून वेगळे सर्किट, म्हणजे स्पीकरमधली घुंई कमी होते.

लांब एक्स्टेन्शनवर विसंबू नका. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ५० मीटर केबलवर १६ अँपिअर घेतले की सुमारे १२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ड्रमवर गुंडाळलेली केबल तर स्वतःच हीटर होते. ड्रमवर बहुधा दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेल्याचा आणि पूर्ण उलगडलेल्याचा. पहिला बराच लहान असतो आणि तो वाचणारा आम्हाला अजून भेटायचा आहे.

जनरेटर

१२५ केव्हीएचा जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरला (केव्हीएपैकी किती किलोवॅट मिळतात ते प्रमाण) १०० किलोवॅट देतो, १२५ नव्हे. एसीचा कॉम्प्रेसर थेट चालू केला तर क्षणभर सहा ते आठ पट करंट ओढतो, दिवे मिटमिटतात. त्यामुळे मोटारी एकामागोमाग चालू होतील अशी व्यवस्था किंवा सॉफ्ट स्टार्टर (मोटार हळूहळू चालू करणारे यंत्र) हवा. "मोठाच घ्या, कटकट नको" हेही बरोबर नाही. तीस टक्क्यांपेक्षा कमी लोडवर तासन्‌तास चाललेल्या डिझेल इंजिनात अर्धवट जळलेले इंधन साचते.

वीज गेल्यापासून जनरेटरने लोड उचलेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. प्रेक्षकांना तेवढे चालते. पण डिजिटल कन्सोलला पुन्हा सुरू व्हायला मिनिटे लागतात आणि लॅम्पचा प्रोजेक्टर थंड होईपर्यंत पेटतच नाही. कन्सोल, प्रोजेक्टर, सादरीकरणाचा कॉम्प्युटर आणि नेटवर्क यांना यूपीएस द्या. बाहेर पडण्याच्या मार्गाचे दिवे व फायर पंप यांची व्यवस्था या सगळ्यापासून वेगळी राहील.

आम्ही पाहणीला येण्याआधी

हॉलचा नकाशा, आसनसंख्या, एसीची नेमप्लेट आणि गेल्या वर्षभराची वीजबिले काढून ठेवा. बिलातली कमाल मागणी १५ किंवा ३० मिनिटांची सरासरी असते, क्षणिक उसळी त्यात दिसत नाही. म्हणून तुमच्या सर्वांत गर्दीच्या कार्यक्रमाची तारीख कळवा. त्या दिवशी आम्ही पॅनेलला लॉगर (करंट सतत नोंदवणारे यंत्र) लावून जाऊ आणि दुसऱ्या दिवशी उतरवून नेऊ. किचनवाल्याला मात्र यातले काही सांगू नका, तो त्या दिवशी नेहमीसारखाच वागलेला बरा.