घरगुती इंकजेट प्रिंटरवर छायाचित्राचे अचूक माप

घरच्या इंकजेट प्रिंटरवर छायाचित्र ठरलेल्या मापातच कागदावर उतरवण्याची पद्धत. अल्बममधल्या फोटोत दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी कुणाला कळत नाही; पण पॅन कार्डाच्या अर्जावरची ३.५ × २.५ सेंमी.ची चौकट किंवा ३५ × ४५ मिमी.चा पासपोर्ट फोटो असला की चूक लगेच उघडी पडते.

डिजिटल फोटोत असतात ते पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक चौकोन. ते किती जागेत बसवायचे हे छापताना ठरते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ४ × ६ इंची प्रिंटसाठी १२०० × १८०० पिक्सेल लागतात, ३५ × ४५ मिमी.साठी साधारण ४१३ × ५३१. प्रिंटरच्या खोक्यावरचा ५७६० डीपीआय (इंचामागे ठिपके) असा आकडा शाईचे ठिपके किती दाट पडतात ते सांगतो. फोटोच्या लांबीरुंदीशी त्याचा काही संबंध नाही, तरी तो फोटोच्या सेटिंगमध्ये भरणारे पुष्कळ भेटतात.

माप बिघडते ते बहुधा फाइलपासून कागदापर्यंतच्या वाटेत. फोटो उघडणारा प्रोग्रॅम एकदा तो लहानमोठा करतो आणि प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा एकदा. ‘फिट टु पेज’ चालू राहिले की समास सोडण्यासाठी सगळे पान आक्रसते. ९७ टक्क्यांवर छापले गेले तर ४५ मिमी.चा फोटो ४३.६५ मिमी.चा होतो. म्हणून माप एकाच ठिकाणी ठरवावे, दुसरीकडे १०० टक्के किंवा ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ ठेवावे. ड्रायव्हरमध्ये कागद ए४ ऐवजी ‘लेटर’ (अमेरिकी मापाचा) निवडलेला राहणे ही आणखी एक नेहमीची गफलत.

बिनसमासाची, म्हणजे ‘बॉर्डरलेस’ छपाई अचूक मापाच्या मुळावरच येते. कागद किंचित सरकला तरी कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून ड्रायव्हर चित्र मुद्दाम थोडे वाढवतो. कागदाबाहेर गेलेली शाई आतले स्पंज शोषून घेतात. ही वाढ काही ड्रायव्हरमध्ये कमी करता येते, पण नेमके माप हवे असेल तर समास ठेवून छापणेच बरे. पासपोर्ट फोटोंसाठी तर बिनसमासाची गरजच नसते: ४ × ६ इंची, म्हणजे साधारण १०२ × १५२ मिमी.चा कागद आडवा धरला की ३५ मिमी. रुंदीचे चार फोटो एका ओळीत, अशा दोन ओळी बसतात. आठ फोटो होऊन लांबीत आणि रुंदीत प्रत्येकी १२ मिमी. जागा उरते.

मोबाइलवर ४:३ प्रमाणात काढलेला फोटो ४ × ६ इंची कागदावर सबंध बसत नाही. कागद भरायचा तर उंचीतला नववा हिस्सा कापला जातो, आणि ग्रुप फोटोत तो हिस्सा मागच्या रांगेतल्यांच्या डोक्यांचा असण्याची शक्यता दाट. आधी आपल्या हाताने क्रॉप करावे, म्हणजे नको तो भाग कापावा, ते काम ड्रायव्हरवर सोडू नये.

एवढे करूनही फरक उरला तर यंत्र तपासावे. १०० मिमी.चा चौकोन काढून त्याच प्रकारच्या ए४ फोटो पेपरवर छापायचा आणि स्टीलच्या पट्टीने दोन्ही बाजू मोजायच्या. प्लास्टिकची पट्टी इथे भरवशाची नाही. शाई सोडणारे हेड ज्या दिशेने धावते तिकडे माप सहसा नीट येते, कारण त्याची जागा बारीक रेघांच्या पट्टीवरून सेन्सर मोजत असतो. कागद मात्र रोलर ओढतात; जाड, गुळगुळीत कागदावर ते घसरले की त्या दिशेचे माप आखडते. ९९ मिमी. भरले तर त्या बाजूला १०० ऐवजी १०१ टक्के माप द्यावे. दोन्ही दिशांना वेगवेगळी टक्केवारी स्वीकारणारा प्रोग्रॅम असेल तरच हे जमते. नसेल तर चित्रच त्या बाजूने तेवढे ताणून घ्यावे. कागदाचा प्रकार बदलला की चौकोन पुन्हा छापावा लागतो.

कापण्यासाठी आखलेली रेघही जाडी खाते. ती केसाएवढी बारीक आणि फोटोच्या मापाबाहेर असावी, आणि कटर तिच्या आतल्या कडेने चालवावा.