अमेरिकी कॉलेजांची माजी विद्यार्थी मुलाखत: कोणाला येते, काय तयार ठेवायचे, कुठे चुकते

हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल, डार्टमथ, एमआयटी यांसारख्या ठिकाणी पदवीसाठी अर्ज भरला की काही आठवड्यांनी एखाद्या अनोळखी व्यक्तीचा ईमेल येऊ शकतो. ती व्यक्ती त्या कॉलेजची माजी विद्यार्थी असते आणि आपली नोकरी सांभाळून, मानधन न घेता हे काम करते. ती तुमच्याशी अर्धा-पाऊण तास बोलते आणि कॉलेजला एक छोटा अहवाल पाठवते. प्रवेशाचा निर्णय तिच्या हातात नसतो. तरीही घराघरात या मुलाखतीची जेवढी धास्ती असते, तेवढी मार्कलिस्टवरच्या नावाची किंवा शिफारसपत्राची नसते. खरे नुकसान बहुतेक वेळा या कागदपत्रांतच होते.

या अहवालाला किती वजन असते याचा अंदाज प्रवेशात वंशाचा विचार करण्यावरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यातून येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये बॉस्टनच्या फेडरल कोर्टात त्याची सुनावणी झाली, तेव्हा अर्जांना गुण कसे देतात ते उघड झाले. अभ्यास, अवांतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिगत गुण यांसाठी प्रवेश कार्यालयातले वाचक वेगवेगळे गुण देतात. माजी विद्यार्थ्याचे गुण स्वतंत्र असतात आणि फाइलमध्ये शेजारी बसतात. म्हणजे मुलाखत हे जाडजूड फाइलमधले एक पान आहे. त्या वर्षानुवर्षांच्या मार्कांवर ते पान पाणी फिरवत नाही, आणि कमकुवत अर्ज तारूनही नेत नाही.

मुलाखत कोणाला मिळते

पात्रता एकच: अर्ज वेळेत पूर्ण भरलेला असणे. मुलाखतीसाठी सहसा वेगळा अर्ज नसतो. अर्ज पोहोचला की कॉलेज तुमचे नाव तुमच्या भागातल्या किंवा ऑनलाइन वेळ देऊ शकणाऱ्या स्वयंसेवकाकडे पाठवते. व्हिडिओ कॉलमुळे लातूर, सांगली किंवा मडगावच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत.

सगळ्या कॉलेजांची पद्धत सारखी नाही. येल ज्यांच्याबद्दल प्रवेश समितीला आणखी माहिती हवी आहे अशा अर्जदारांना प्राधान्य देते. प्रिन्स्टनमध्ये मुलाखत नको असेल तर अर्जातच तसे सांगता येते आणि त्याने तोटा होत नाही. एमआयटीत मुलाखतकारांना एज्युकेशनल काउन्सेलर म्हणतात, आणि मुलाखत जमली नाही तर ती माफ केली जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ‘मुलाखत’ हा शब्दच काढून त्याला माजी विद्यार्थ्यांशी ‘संभाषण’ असे नाव दिले आहे. कोलंबियाने मुलाखती बंद केल्या. ब्राउनही त्या घेत नाही, त्याऐवजी स्वतःची ओळख सांगणारा छोटा व्हिडिओ पाठवू देते. हे नियम बदलत राहतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी प्रवेश मिळालेल्या ताईदादांच्या अनुभवापेक्षा त्या वर्षीचे प्रवेश विभागाचे पान प्रमाण धरा.

मुलाखतीला फी नसते. कोणी ‘स्लॉट’ मिळवून देतो म्हणून पैसे मागितले तर ती फसवणूक आहे. ईमेल खऱ्या मुलाखतकाराचा आहे का अशी शंका आली तर उत्तर देण्याआधी अर्जदार पोर्टल (कॉलेजच्या साइटवरचे तुमचे खाते) पाहा, किंवा प्रवेश कार्यालयाला एक ओळीचा मेल करून विचारा. असे विचारल्याने कोणी नाराज होत नाही.

ईमेल आल्यावर

सर्वांत जास्त चूक इथे होते, आणि कारण साधे आहे. मुलाखतकार बऱ्याचदा स्वतःच्या खासगी पत्त्यावरून लिहितात, त्यामुळे मेल स्पॅममध्ये जातो. अर्ज गेल्यापासून ‘स्पॅम’ आणि ‘प्रमोशन्स’ रोज एकदा उघडा. अर्जात बाबांचा किंवा क्लासवाल्यांचा ईमेल टाकला असेल तर आजच पोर्टलमध्ये तो बदला. कितीतरी मुलाखती केवळ मेल चौथ्या माणसाच्या इनबॉक्समध्ये पडल्याने हुकतात.

उत्तर एक-दोन दिवसांत द्या, आणि ते स्वतः द्या. आईवडिलांनी मुलाच्या नावाने लिहिलेला मेल भाषेवरून लगेच ओळखू येतो. उत्तरात आभाराचे एक वाक्य, तीन संभाव्य वेळा भारतीय वेळेसह, तुमचे शहर आणि फोन नंबर एवढे पुरे. बायोडेटा न मागता जोडू नका. बहुतेक मुलाखतकारांना तुमचे मार्क आणि निबंध दिसत नाहीत, आणि कॉलेजांना तेच हवे असते: कागदांच्या आधाराशिवाय तुम्ही कसे बोलता ते पाहणे.

वेळेचा हिशेब नीट करा. अमेरिकेत घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जाते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे येते. न्यूयॉर्क-बॉस्टन आणि भारत यांच्यातले अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे, हिवाळ्यात साडेदहा तासांचे असते. डिसेंबरात तिकडचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ७:३०. तिकडचा रविवार रात्री ८ म्हणजे आपला सोमवार सकाळी ६:३०, वार बदललेला असतो. कॅलेंडरचे निमंत्रण आले तर ते स्वीकारून आपल्या फोनवर कोणती वेळ दिसते ते तपासा, मग उत्तरात तीच वेळ पुन्हा लिहा.

रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या मुख्य फेरीच्या मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत येतात, आणि तेव्हाच राज्य मंडळाच्या बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आणि मग लेखी परीक्षा असते. ‘अमुक तारखांना बोर्डाची परीक्षा आहे, त्याआधी किंवा नंतर वेळ मिळेल का’ असे स्पष्ट विचारा. अहवाल पाठवायची मुलाखतकाराला मुदत असते, म्हणून ‘नंतर कळवतो’ एवढेच लिहून गप्प बसू नका.

कागदपत्रे: मुलाखतीआधीच घडी बसवून ठेवा

मुलाखतीला कागद लागत नाहीत. पण मुलाखत होते त्या सुमारास फाइल अपूर्ण असेल तर मुलाखत कितीही छान होवो, उपयोग नाही. महाराष्ट्रातल्या अर्जदाराच्या अडचणी ठरलेल्या आहेत.

पहिली अडचण नावाची. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर मांडणी वेगळी असते. कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) नाव पासपोर्टप्रमाणे लिहा आणि दुसरे रूप ‘पूर्वीचे किंवा अन्य नाव’ या रकान्यात नोंदवा. नाहीतर सॅट या प्रवेश परीक्षेचे गुण एका नावाने, गुणपत्रिका दुसऱ्या नावाने पोहोचतात आणि पोर्टलवर ‘मिळाले नाही’ असा शेरा महिनाभर दिसत राहतो.

दुसरी अडचण म्हणजे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनियर कॉलेजमध्ये. अमेरिकी कॉलेजांना नववी ते बारावीचे गुण हवे असतात, म्हणजे दोन संस्थांचे शिक्के लागतात. नववीचे प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर शाळेच्या शिक्क्यासह करून घ्या. हे काम जून-जुलैत करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीमुळे शिक्का मारणारे कार्यालयच बंद असते, आणि अर्ली फेरीची (लवकर अर्ज करून डिसेंबरात निर्णय मिळणारी फेरी) मुदत अनेक ठिकाणी १ नोव्हेंबर आहे.

तिसरी अडचण शिफारसपत्रांची, आणि ती सर्वांत गंभीर. साधारणपणे दोन विषय शिक्षकांची पत्रे आणि एक समुपदेशकाचे पत्र लागते. आपल्याकडे बहुतेक ज्युनियर कॉलेजांत समुपदेशक नसतो, तेव्हा प्राचार्य किंवा उपप्राचार्य ही भूमिका घेऊ शकतात. इंटिग्रेटेड क्लासमध्ये असणाऱ्या मुलांना कॉलेजातले शिक्षक चेहऱ्यानेही ओळखत नाहीत. अशा वेळी ज्यांच्या तासाला तुम्ही खरोखर बसला होतात त्यांना विचारा. पत्र स्वतः लिहून सरांची फक्त सही घेणे हा सर्रास चालणारा प्रकार आहे, पण ती बनवेगिरी आहे. दोन्ही पत्रांतली भाषा आणि निबंधाची भाषा एकाच हाताची निघाली तर सगळा अर्ज संशयात येतो. कॉमन ॲपमध्ये शिक्षकांना आमंत्रण पाठवण्याआधी फर्पाची (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा अमेरिकी कायदा) संमती भरावी लागते, ती विसरल्याने आमंत्रण जातच नाही. आमंत्रण ईमेलवर जाते आणि अनेक शिक्षक फक्त व्हॉट्सॲप पाहतात, म्हणून पाठवल्यावर प्रत्यक्ष भेटून सांगा, आणि मुदतीच्या किमान महिनाभर आधी.

पैसे भरताना कार्ड नाकारले जाते ते बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असल्यामुळे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवी कार्डे ही सोय बंद ठेवूनच येतात. बँकेच्या ॲपमध्ये ती आदल्या दिवशी सुरू करा.

बोलायचे काय

प्रश्न बहुधा साधे असतात: वर्गाबाहेर काय करता, कोणता विषय आवडतो आणि का, हेच कॉलेज का, तुम्हाला काय विचारायचे आहे. पाठ केलेली उत्तरे इथे घात करतात. मुलाखतकाराला अहवालात लिहायला एखादी नेमकी गोष्ट हवी असते. ‘मी ढोल-ताशा पथकात आहे’ यातून त्याला काहीच मिळत नाही. आठवड्यातून किती दिवस सराव असतो, नव्या मुलांना ताल कसा शिकवता, पावसात ढोलाचे पान सैल झाले की काय करता हे सांगितले तर लिहायला मजकूर मिळतो.

आपल्या मुलांची एक सवय इथे आडवी येते. ‘आम्ही केले’ म्हणायची. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला प्रकल्प चौघांचा असेल तर ‘आम्ही’ खरेच आहे, पण नंतर ‘त्यात माझा भाग सेन्सर जोडणे हा होता’ हेही सांगा. ती बढाई नाही. आणि घरची कामे लपवू नका. दुकानावर बसणे, दुधाचा रतीब, धाकट्या भावंडाला सांभाळणे यांना कॉमन ॲपच्या उपक्रमांच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदारी’ असा स्वतंत्र प्रकारच आहे. ज्याला शाळेनंतर वेळ मिळत नाही त्याने तो का मिळत नाही हे सांगितले की चित्र पूर्ण होते.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते. उच्चार तपासायला ही मुलाखत नसते. त्यासाठी जिथे लागते तिथे टोफेल, आयईएलटीएससारखी परीक्षा असते. शब्द अडला तर तो सोप्या वाक्यात फोडून सांगा. मुलाखतकार मराठी निघाला तरी सुरुवात इंग्रजीतच करा. त्यांना ‘सर’, ‘मॅम’ म्हणणे चालते.

आईवडील खोलीत नकोत, कॅमेऱ्याच्या मागेही नकोत. प्रत्यक्ष भेटायचे तर कॅफे किंवा वाचनालयासारखी सार्वजनिक जागा निवडा. भेटवस्तू नेऊ नका. मार्क आणि इतर कुठे अर्ज केले हे स्वतःहून सांगायची गरज नाही. शिष्यवृत्तीची चौकशी मुलाखतकाराकडे करू नका. तो विषय कार्यालयाचा आहे. आणि मदत लागणार असेल तर ती अर्जातच मागायची असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ ही कॉलेजे परदेशी अर्जदाराचीही आर्थिक गरज प्रवेशाच्या निर्णयात पाहत नाहीत. इतर अनेक ठिकाणी ती पाहिली जाते, म्हणून मदत मागण्याआधी त्या-त्या कॉलेजचे धोरण वाचा.

मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचे आभार, बोलण्यातल्या एका मुद्द्याचा उल्लेख करून. उत्तर आले नाही तर दुसरा मेल नको.

नंतरची चिंता

‘मैत्रिणीला मुलाखत आली, मला नाही, म्हणजे मी बाद’ हा समज चुकीचा आहे. मुंबईत एका हंगामात अर्जदार जास्त आणि स्वयंसेवक कमी असे होतेच. मुलाखत आली म्हणजे निवड जवळ, हेही तितकेच चूक. २०२४ मध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी हार्वर्डने दोन्ही फेऱ्या मिळून ५४,००८ अर्जांपैकी १,९३७ जणांना प्रवेश दिला. त्या बाकीच्यांतही मुलाखत उत्तम झालेले असंख्य असणार.

मुलाखत पूर्ण फसली, म्हणजे वीज गेली, आवाज तुटला, तर त्याच तासात मेल करून पुन्हा वेळ मागा. मुलाखतकाराने जात, धर्म किंवा कौटुंबिक गोष्टींवर अयोग्य प्रश्न विचारले तर प्रवेश कार्यालयाला शांतपणे कळवा. त्याची वेगळी दखल घेतली जाते.

डिसेंबरच्या मध्यास अर्ली फेरीत ‘डिफर’ आले तर अर्ज रेग्युलर फेरीत पुन्हा वाचला जातो. तेव्हा तुमच्या ज्युनियर कॉलेजचा सहामाही अहवाल शिक्क्यासह जाईल याची खात्री करा आणि पोर्टलवर सोय असेल तर एकच पानाचे पत्र पाठवा: नवे गुण, नवे काम, अजून इथेच यायचे आहे हे. मुलाखतकाराला निर्णय विचारू नका, त्यालाही तो आधी कळत नाही. रेग्युलर फेरीचे निकाल मार्चअखेर लागतात, आणि ज्यांना प्रवेश मिळतो त्यांनी बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. बारावीचा निकाल तोपर्यंत लागलेला नसतो, म्हणून अंतिम गुणपत्रिका निकालानंतर लगेच पाठवण्याची व्यवस्था ज्युनियर कॉलेजात मे महिन्याआधीच सांगून ठेवा.