रॅम बदलल्यावर स्क्रीन काळी राहिली तर बटण दाबण्याआधी हे वाचा

आमच्या दुकानातून कॉम्प्युटरची रॅम (कामापुरती मेमरी) वाढवून मशीन घरी नेलं, किंवा रॅम नेऊन स्वतः बसवली, की आम्हाला हमखास फोन येतो: "पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही." यातली बरीच मशीन्स बिघडलेली नसतात. त्यांची स्वतःची तपासणी चालू असते आणि ती पुरी व्हायच्या आतच त्यांना बंद केलं जातं.

बटण दाबलं की आधी पॉवर सप्लाय आपले व्होल्टेज स्थिर झाल्याचा सिग्नल मदरबोर्डला देतो. याला साधारण 100 ते 500 मिलिसेकंद लागतात आणि तोवर प्रोसेसर थांबून असतो. सिग्नल मिळाला की प्रोसेसर बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, चिपमधली पहिली सूचना वाचतो आणि पोस्ट, म्हणजे पॉवर ऑन सेल्फ टेस्ट, सुरू होते. ढोबळ क्रम असा: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, शेवटी डिस्क. ग्राफिक्सचा नंबर रॅमनंतर लागतो, हे लक्षात ठेवा. रॅमपाशी काम अडलं असेल तर तसं स्क्रीनवर लिहून दाखवायची सोयच बोर्डाकडे नसते. तो फक्त बीप देऊ शकतो किंवा एलईडी लावू शकतो.

आता डीडीआर5 या नव्या पिढीच्या रॅमबद्दल, कारण सगळा घोटाळा इथे होतो. 4800 वेगाच्या रॅममध्ये डेटाच्या प्रत्येक लाइनवरून सेकंदाला 480 कोटी बिट जातात. एक बिट ओळखायला जेमतेम 0.2 नॅनोसेकंद मिळतो. प्रत्येक स्टिक (रॅमची पट्टी) आणि प्रत्येक बोर्ड थोडा वेगळा, म्हणून बोर्ड ठरावीक नमुने लिहून वाचून पाहतो, वेळा आणि व्होल्टेज सरकवत जातो आणि बिनचूक वाचता येईल असं माप शोधतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पहिल्यांदा यात काही मिनिटं जातात. चार स्टिक असतील किंवा क्षमता मोठी असेल तर आणखी वेळ लागतो. मध्येच मशीन आपोआप एक-दोनदा रीस्टार्टही होतं. एकदा माप सापडलं की बहुतेक बोर्ड ते साठवून ठेवतात, त्यामुळे पुढच्या वेळी मशीन लवकर सुरू होतं.

नेमकं याच वेळी बटण चार-पाच सेकंद दाबून मशीन बंद केलं जातं. पुन्हा चालू केलं की ट्रेनिंग पहिल्यापासून. मग रॅम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली जाते. बोर्डाच्या दृष्टीने जोडणी बदलली, म्हणून परत ट्रेनिंग! अशी अख्खी संध्याकाळ जाते आणि चांगली रॅम खराब ठरते. म्हणून रॅम बदलल्यावर, बायोस अपडेट केल्यावर, बोर्डावरचा सेल काढल्यावर किंवा एक्सएमपी-एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग) चालू केल्यावर पहिल्या वेळी पंधरा मिनिटं मशीनला हात लावू नका.

तोवर बोर्डावर पाहा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असे चार बारीक एलईडी असतात. डीरॅमचा दिवा पंधरा मिनिटांनंतरही तसाच असेल तर मशीन बंद करा, वीज तोडा आणि एकच स्टिक बसवून पाहा. चार स्लॉटच्या बोर्डावर ती बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते. दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्यात. स्टिकची दोन्ही टोकं दाबा. स्लॉटची क्लिप एकाच बाजूला असेल तर दुसरं टोक अर्धवट राहू शकतं. सोनेरी पट्टीची कड एका अंगाला जास्त दिसत असेल तर स्टिक बसलेली नाही. व्हीजीएचा दिवा लागला असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लावली आहे का ते आधी बघा. बूटचा दिवा म्हणजे काम रॅमच्या पुढे गेलं आहे. अडकलेला पेन ड्राइव्ह काढा, डिस्कची केबल तपासा.

बीप वाजत असतील तर किती, लांब की आखूड, हे मोजा. अवॉर्ड कंपनीच्या जुन्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स, एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये तीन आखूड म्हणजे रॅम. बायोसप्रमाणे अर्थ बदलतो, म्हणून बोर्डाचं नावही हवं. बऱ्याच नव्या केसमध्ये बजर नसतोच. सांगितलंत तर आम्ही बसवून देतो.

"दहा मिनिटांच्या कामाला मशीन रात्रभर का ठेवता?" असं विचारलं जातं. ट्रेनिंग पुरं झाल्यावर आम्ही वीज पूर्ण तोडून तीनदा थंड स्टार्ट घेतो आणि रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवतो. विंडोज सुरू झालं म्हणजे रॅम चांगली, असं आम्ही मानत नाही. जुन्या दोन स्टिकमध्ये नव्या दोन घालण्याऐवजी एकाच पाकिटातली जोडी घ्या असा आग्रहही त्यासाठीच. दोन स्टिकचं ट्रेनिंग लवकर होतं आणि त्या जास्त वेगावर स्थिर चालतात.

एवढं करूनही मशीन अडलं तर बटण दाबल्यापासूनचा मोबाइल व्हिडिओ पाठवा, त्यात एलईडी दिसू द्या आणि बीप ऐकू येऊ द्या. मशीन आणताना काढलेली जुनी रॅमही सोबत आणा.