जुने अवजड रेकर

रस्त्याखाली घसरलेला, उलटलेला किंवा इंजिन बसलेला ट्रक उचलून ओढत नेणारे वाहन म्हणजे रेकर. हायड्रॉलिक यंत्रणा रुळण्यापूर्वीचे, केवळ विंच (दोर गुंडाळून भार ओढणारे यंत्र), कप्पी आणि तारेच्या दोरावर चालणारे अवजड रेकर आता विंटेज वाहनांच्या प्रदर्शनांतच दिसतात. त्यांतले दोन सहसा सारखे नसतात. ट्रक एका कंपनीचा, मागची क्रेन दुसरीची आणि उरलेली जोडणी गॅरेजवाल्याच्या अकलेची, असा तो मामला असे.

सुरुवात अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात झाली. ओढ्यात उलटलेली एक फोर्ड मॉडेल टी बाहेर काढताना १९१६ मध्ये तिथले गॅरेजमालक अर्नेस्ट होम्स यांची दमछाक झाली. सहा माणसे, दोर आणि ठोकळे लावूनही सुमारे आठ तास गेले. मग त्यांनी १९१३ च्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवून उचलण्याची सोय केली. पुढे त्यांच्या नावाचे रेकर जगभर गेले. चॅटनूगात आज या व्यवसायाचे संग्रहालय आहे.

होम्स रेकरची ओळख म्हणजे त्याचे दोन बूम, म्हणजे क्रेनचे भार उचलणारे लांब दांडे. मागच्या बाजूला दोन्ही एकत्र आणले की सरळ उचल मिळते. पण ट्रक बाजूच्या खड्ड्यात असेल, तर एक बूम तिकडे वळवायचा आणि दुसऱ्याचा दोर विरुद्ध बाजूच्या भक्कम झाडाला बांधायचा. दोन्हीकडचे ताण एकमेकांना तोलतात आणि रेकर स्वतः कलंडत नाही. नुसते वजन वाढवून हे साधले नसते. या घराण्यातली सर्वांत हुशार कल्पना हीच. विंच फिरते ट्रकच्याच इंजिनावर, गिअरबॉक्सला जोडलेल्या पीटीओमधून, म्हणजे इंजिनाची शक्ती बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या जोडणीतून. चालवणारा बाहेर लिव्हरपाशी उभा राहतो आणि त्याची नजर दोर गुंडाळणाऱ्या ड्रमवर असते. दोराचे वेढे शेजारी-शेजारी बसायला हवेत. सैल वेढा दुसऱ्यावर चढला, तर ताण येताच तो खालच्या वेढ्यांत रुततो आणि तारा चेचल्या जातात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सहाही चाकांना ओढ असलेल्या डायमंड टी ९६९ ट्रकवर होम्सची डब्ल्यू-४५ ही दुहेरी क्रेन बसवली. प्रदर्शनांत सर्वाधिक भाव खातो तो बहुधा हाच.

ब्रिटिशांची तऱ्हा वेगळी. मागे भार लटकला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग दाद देत नाही. म्हणून स्कॅमेल पायोनियर या त्यांच्या रेकरच्या नाकावर जास्तीची वजने लावत. त्याचे गार्डनर डिझेल इंजिन जेमतेम १०२ अश्वशक्तीचे, पण खालच्या गिअरमध्ये चिवट. युद्ध संपल्यावर तोफा ओढणारे एईसी मॅटाडोर ट्रक विक्रीला निघाले. गॅरेजवाल्यांनी ते घेऊन मागे आपापल्या हिकमतीने क्रेन जोडल्या. अशी गाडी ‘मूळ स्वरूपात’ आणायची म्हणून ती क्रेन काढून टाकणे म्हणजे तिचे निम्मे आयुष्य पुसणे होय. तोफा ओढल्या त्यापेक्षा जास्त वर्षे कित्येक मॅटाडोरनी ट्रकच ओढले आहेत.

दुरुस्तीत रंगापेक्षा दोराला महत्त्व द्यावे लागते. तारेचा दोर आतून गंजतो आणि वरून ग्रीसमुळे धडधाकट दिसतो. म्हणून प्रात्यक्षिकात खरोखर भार उचलायचा असेल, तर जुना दोर ठेवत नाहीत.